निकाल शिवून पाठवला आहे

रविवार, ६ ऑक्टोबर

अगं मुली,

काल संध्याकाळी टीव्हीवर आपली केकची स्पर्धा पुन्हा सुरू झाली. तुला माहीत असेलच. नसेल तर कळावं म्हणून लिहिते आहे, दुसरं काही कारण नाही.

तुझा पत्ता मी कुणाकडून काढलेला नाही. आमच्या दाराची किल्ली तू टपालाने परत पाठवलीस, त्या पाकिटाच्या मागे तू तो स्वतःच्या हाताने लिहिला होतास. ज्याला पत्ता कळू द्यायचा नसतो तो पाकिटावर पत्ता लिहीत नाही, एवढी अक्कल मला आहे. फोन मात्र करणार नाही. फोन वाजला की उचलावा तरी लागतो, नाहीतर न उचलल्याचं मनात राहतं. पत्राचं बरं असतं. नको असेल तर ड्रॉवरमध्ये टाकून मोकळं होता येतं.

तर या वेळी एक पोस्टमन आहे. हात केवढे, पण क्रीमची फुलं अशी नाजूक काढतो की बघत राहावं. एक नर्स आहे, ती प्रत्येक वाक्याआधी माफी मागते. काल तिने ओव्हनचीसुद्धा मागितली. एक निवृत्त कप्तान आहेत, त्यांनी उभा जन्म बोटीवर काढला, ते पिठाला हुकूम सोडतात. परीक्षक तेच दोघे, चष्मेवाला आणि मोत्यांची माळ. माळ या वेळी तीन पदरी झाली आहे.

कप्तानांचा केक ओव्हनमध्ये टम्म फुगला, बाहेर आला आणि सगळ्यांच्या देखत हळूहळू खाली बसला. ते दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले, जणू परवानगी न घेताच बसला. मी खो खो हसले आणि हसता हसता बाजूला बघितलं. बाजूला शिवायला आणलेल्या पडद्यांचा ढीग होता.

चष्मेवाल्याने सुरी लावली तसा मी सवयीने टीव्हीचा आवाज बंद केला. पण चष्मेवाल्याचं बोलणार कोण? ते तुझं काम. तो जाडा आवाज मला काढता येत नाही. मी माळेचं बोलले, मग त्याचंही मीच बोलले, आणि दोघांचं मत एकच पडलं. आवाज सुरू केला तर टीव्हीतलेही तेच म्हणत होते. म्हणजे मी जिंकले. म्हणजे चहा तू करायचा. मीच उठून केला.

बाकी ठीक. काम पुष्कळ आहे. खाली ‘आई’ असं लिहिते आहे. हाताला सवय आहे, खोडत बसत नाही.

आई


रविवार, २० ऑक्टोबर

अगं मुली,

तुझं उत्तर आलं नाही, पण पत्रही परत आलं नाही. मी याला बरी बातमी धरते.

काल चिरंजीव त्यांच्या नव्या मैत्रिणीला घेऊन आले. तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही, एवढ्याशा गावात चष्म्याचं दुकान असलेल्या माणसाचं काही लपत नाही. बाई चांगली आहे. मी खोट काढायला बसले होते हे कबूल, पण निघाली नाही. चिरंजीवांनी तिला सांगितलं होतं, “आईला केकची स्पर्धा फार आवडते.” आता तिचा समज काय व्हावा? ती घरी केलेला केक घेऊन आली. थर अगदी एकसारखे, पट्टी लावून मोजावेत. अप्रतिम होता. मी दोन तुकडे खाल्ले आणि मनातून खट्टू झाले.

कारण तिला सगळं येतं गं. तिने रीतसर वर्ग केला आहे. नर्सने ओव्हनचं दार उघडलं तशी ही म्हणाली, “अरेरे, आता मध्ये खड्डा पडणार.” खड्डा पडला. कप्तानांनी क्रीम घेतलं तशी म्हणाली, “केक गरम आहे, वितळणार.” वितळलं. तिचा एकही अंदाज चुकला नाही आणि मला असा कंटाळा आला की सांगता सोय नाही. आपली मजा काय होती? आपल्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. ज्या घरात ओव्हन म्हणजे कढया ठेवायची जागा, त्या घरात बसून आपण “बाई, यात लिंबू कमीच पडलं” असं छातीठोकपणे म्हणायचो. टीव्हीतल्या केकला! आणि पुन्हा तू एक्सरे काढणारी. “हा आतून कच्चा आहे, मला बाहेरून दिसतंय,” असं म्हणायचीस आणि निम्म्या वेळा तोंडावर पडायचीस. त्याची सर कशाला येणार?

निकालाची वेळ आली आणि माझा अंगठा आपोआप बटणावर गेला. आवाज बंद. मैत्रीण म्हणाली, “आवाज गेला वाटतं,” आणि बिचारी उठून टीव्हीमागच्या वायरी हलवायला लागली. मी काय सांगणार? “बाई, आता मी मोत्यांची माळ होणार आहे,” असं? चिरंजीवांनी माझ्याकडे बघितलं. मग आत गेले आणि चहा टाकला. पाच वर्षं आपल्याला वेड्या म्हणाला, पण नियम त्याला पाठ होते.

आणि आता वाईट बातमी. पोस्टमन गेला गं! पावाच्या फेरीत गेला. त्याचा पाव मधे ओला राहिला. जाताना त्याने एप्रनची घडी घातली, नर्सचा जड ट्रे उचलून तिच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि मग दाराबाहेर पडला. नर्स त्याची माफी मागत रडत होती. मीही रडले. मैत्रिणीने मला रुमाल दिला. चांगली आहे, म्हटलं ना.

आई


सोमवार, २८ ऑक्टोबर

अगं माझ्या बाई,

तुझी चिठ्ठी आली. एक्सरेच्या पाकिटाच्या पाठकोऱ्या कागदावर, मायना नाही, सही नाही. मी ती पडद्याच्या दुकानात उभ्या उभ्या वाचली आणि इतक्या मोठ्याने हसले की दुकानदाराच्या हातून अस्तराचं कापड तिरकं कापलं गेलं. तुला विसर पडला असेल तर तूच लिहिलेलं तुला वाचून दाखवते:

“निकाल आधी सांगायचा नाही हे ठरलं होतं ना?? माझी शनिवारी ड्यूटी असते. मी रेकॉर्ड करून गुरुवारी सुट्टीच्या दिवशी बघते. तुमचं पत्र बुधवारी आलं. पोस्टमन!!! काय हे आई!”

चूक झाली. शंभर टक्के चूक. आपल्या घरात याहून मोठा गुन्हा नव्हता. तू माझ्याशी बोलत नव्हतीस म्हणून मी समजले की तू बघतही नसशील. मूर्खासारखं समजले. पण खरं सांगू? तू मला ओरडलीस आणि मला इतकं बरं वाटलं! तुम्ही दोघं वेगळे झालात तेव्हा सगळे जण एकमेकांशी काय गोड बोलत होते. तू सामान बांधत होतीस, तो दोऱ्या आणून देत होता, मी पेल्यांना कागद गुंडाळत होते, आणि तिघंही “असू दे, असू दे” म्हणत होतो. कुणी एक भांडं आपटलं असतं तर जीव मोकळा झाला असता. आज तू तीन उद्गारचिन्हं आपटलीस.

आता यावर उपाय. मला गप्प राहवत नाही आणि तुला गुरुवारपर्यंत कळता कामा नये. म्हणून या पत्राचं दुसरं पान मी दुमडून पडद्याच्या जाड दोऱ्याने चारी बाजूंनी शिवून टाकलं आहे. परवाचा निकाल त्यात आहे. बघून झालं की टाके उसवायचे. आधी उसवलेस तर मला कळणार नाही हे खरं, पण तुला स्वतःचं तोंड आरशात बघावं लागेल.

आई


रविवार, ३ नोव्हेंबर

अगं मुली,

या वेळचं पत्र चांगलं मोठं लिहिलंस. दोन पानं! आणि उसवलेल्या पानावरचा दोरा परत पाठवलास, तोही नीट गुंडाळून. चिंगूस कुठली. चांगला दोरा आहे, ठेवायचास की.

तुझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी मोठी आहे आणि तिला जुनी चादर लावली आहे म्हणे. पडदे शिवणारीच्या घरातली मुलगी खिडकीला चादर लावते! खिडकीची उंची आणि रुंदी लिहून पाठव. उंची दांडीपासून खालपर्यंत घ्यायची, काचेपासून नाही.

परवा एका घरी पडदे लावायला गेले होते. घर मोठं, बाई शिकवणाऱ्या. मी शिडीवर, तोंडात पडद्याचे चार आकडे धरलेले. खाली उभ्या राहून त्या विचारतात, “तुम्हीही ती केकची स्पर्धा बघता म्हणे? काय मिळतं हो त्यात? ना खायला मिळत, ना करून बघत.” तोंडात आकडे, बोलणार कशी? “हं हं” केलं आणि चुण्या सारख्या करत बसले. पण उत्तर डोक्यात घोळत राहिलं, ते तुला लिहिते.

एक तर तिथे कुणी कुणाचं वाईट चिंतत नाही. एकाचं भांडं पडलं की शेजारचा आपला केक सोडून धावतो. दुसरं, जे बिघडतं ते सगळ्यांसमोर बिघडतं, आणि बिघडून बिघडून काय बिघडणार, तर केक. पुढच्या शनिवारी नवं पीठ, नवी अंडी. आणि तिसरं माझ्या मनातलं. तिथे दोन माणसं येतात, कापून बघतात आणि नेमकं सांगतात: तळ कच्चा राहिला, आच जास्त झाली, पाच मिनिटं आधी काढायला हवा होता. सांगतात तेही चांगल्या शब्दांत. हरलेला माणूस मान डोलावतो, कारण त्याला कळलेलं असतं. तुमच्या दोघांचं काय कच्चं राहिलं हे आपल्याला कुणी येऊन सांगितलं नाही. मला तर बाहेरून रंग छान दिसत होता.

जाऊ दे. पत्र हसरं ठेवायचं म्हणून बसले होते. कप्तान आता बिस्किटांचा किल्ला करणार आहेत, बुरुजासकट. दुसरं पान शिवलेलं आहे.

आई


गुरुवार, १४ नोव्हेंबर

अगं मुली,

मापं पोचली. कापड मी निवडलं आहे, रंग सांगणार नाही.

आता एक विचारायचं आहे. गेल्या पत्रात नर्सच्या केकबद्दल तू लिहिलंस, “एक मत असं पडलं की साखर जळली आहे, पण मला तसं वाटलं नाही.” मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. हे दुसरं मत कुणाचं? तू एकटी बघतेस असं मी धरून चालले होते. तुझ्या सोफ्यावर मोत्यांच्या माळेच्या जागी कुणीतरी बसलेलं आहे. इस्पितळातली मैत्रीण असेल, शेजारीण असेल. मला काय करायचंय? चांगलंच आहे. एकट्याने बघण्यात राम नाही हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले.

खोटं लिहिलं. चांगलं वाटलं नाही. मला मेलीला हेवा वाटला. या वयात, एका न पाहिलेल्या बाईचा, तोही सोफ्यावरच्या जागेसाठी! पण वाटला तो वाटला.

म्हणून आता स्पष्टच लिहिते. तीस तारखेला अंतिम फेरी आहे. नर्स, कप्तान आणि ती कानामागे पेन्सिल खोचणारी मुलगी. तू इकडे ये. चिरंजीव त्या दिवशी घरी नसतील, तशी व्यवस्था मी केली आहे. ते स्वतःच म्हणाले, “ती येणार असेल तर मी दुकानात थांबतो, तिला अवघड नको.” रजा मिळत नसेल तर मी तुझ्या वरिष्ठांना पत्र लिहीन. हसू नकोस, लिहीन.

मला स्पर्धा नको आहे, तू हवी आहेस. तू या घरात आलीस तेव्हा सून म्हणून आलीस, ते आता संपलं, कागदावर सह्या झाल्या. त्या सह्यांमध्ये माझी नव्हती. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारणार तरी काय? मुलाचा संसार मोडला की त्याच्या आईनं सुनेला सोडायचं असतं हे कुठे लिहून ठेवलंय का? ठेवलं असेल तर मला दाखव. नाहीतर ये.

शिवलेलं पान सोबत आहे. या वेळी टाके जरा घट्ट पडले आहेत. रागाने पडले, तुझ्यावरच्या नाही.

आई


सोमवार, २५ नोव्हेंबर

अगं माझ्या मुली,

तुझं पत्र दुपारी आलं. मी शिवणयंत्रावर होते. तसंच पाय थांबवून वाचलं, मग खिडकीशी जाऊन पुन्हा वाचलं.

म्हणजे ते दुसरं मत बाईचं नव्हतं.

तू लिहितेस, तो तुझ्याच इस्पितळात रुग्णवाहिका चालवतो. गुरुवारी तुझ्याबरोबर स्पर्धा बघतो. निकालाआधी तू आवाज बंद केलास तेव्हा त्याने काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या आठवड्यापासून बारीक आवाजात मोत्यांची माळ व्हायला लागला. मला आधी हसू आलं, मग बसले आणि रडले. दोन्ही खरं आहे. थोडं माझ्या मुलासाठी रडले. त्याला हे पाच वर्षांत सुचलं नाही, आणि तो वाईट माणूस नाही. बाकीचं आनंदाने रडले, नाहीतर पत्रं लिहिली कशाला?

तू लिहायला घाबरत होतीस म्हणे. “तुम्हाला कसं सांगू ते कळेना, म्हणून सुरुवातीला उत्तरच दिलं नाही.” वेडी आहेस. मला वाटलं तुला मी नको आहे. तीन आठवडे मी तसं समजून पडदे शिवले, त्यातल्या एकाची झालर उलटी लागली.

आता मुद्द्याचं. त्याचे आईवडील तीस तारखेला भेटायला येणार, त्यांच्याकडून मावशी, मामा, बहीण, सगळे. आणि तू लिहितेस, “माझ्याकडून कुणीच नाही. आई, तुम्ही याल का? अंतिम फेरी त्याच दिवशी आहे हे मला माहीत आहे. नाही म्हणालात तरी चालेल.”

नाही म्हणालात तरी चालेल! हे वाक्य लिहिताना तुझा हात कसा धजावला? अंतिम फेरी गेली चुलीत. मी येते आहे. सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं. पडदे तयार आहेत, ते आणि दांडी दोन्ही घेऊन येते. पाहुणे यायच्या आत खिडकीवरची चादर निघाली पाहिजे. त्याला म्हणावं शिडी आणून ठेव. माणूस शिडी कशी धरतो त्यावरून मला पुष्कळ कळतं.

चिरंजीवांना मी आज संध्याकाळी दुकानात जाऊन सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. गिऱ्हाईक नव्हतं. तो काऊंटरमागे उभा राहून सगळं ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, “आई, चष्मा दे.”

मला वाटलं त्याला राग आला. दिला. त्याने दांडीचा स्क्रू आवळला, काचा धुतल्या, पुसल्या, उजेडात धरून बघितल्या, आणि स्वतःच्या हाताने माझ्या नाकावर बसवला. कानामागे बोट घालून बसला की नाही तेही बघितलं.

“नीट बघून ये,” म्हणाला. “आमच्या वेळी तिच्याकडून बघायला कुणी नव्हतं.”

एवढंच. मग गिऱ्हाईक आलं.

त्याच्या दुकानातून घरी येताना मी रस्त्यातच ठरवून टाकलं. अंतिम फेरी तो आणि मैत्रीण रेकॉर्ड करून ठेवणार आहेत. निकाल तोंडातून निघाला तर घरात घेणार नाही असं दोघांनाही बजावलं आहे. तूही बजाव.

आणि त्याच्या आईला आधीच सांगून ठेव. मुलीकडून एकच बाई येणार आहे, पण ती फार प्रश्न विचारते.

आई